पुडीआधी वेळापत्रक बघा

प्रति,
नीट आणि जेईईची तयारी करून घेणाऱ्या नागपुरातल्या सर्व कोचिंग क्लासचे संचालक



परीक्षेच्या हंगामात शहरातल्या एका क्लासनं पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला निरोप माझ्यापर्यंत आला. मुलांनी रोज एक प्रोबायोटिक पुडी घ्यावी, तिनं पोट आणि मेंदू दोन्ही शांत राहतात, एकाग्रता वाढते, असं त्यात लिहिलं होतं. पुडी क्लासच्या काउंटरवर मिळेल, असंही होतं. क्लासचं नाव मी लिहिणार नाही, कारण गोष्ट एका क्लासपुरती राहिलेली नाही. चौकशी केली तर ओळखीच्या बऱ्याच पालकांनी अशा पुड्या, गोळ्या आणि छोट्या बाटल्या आणल्याचं सांगितलं. कुणाला औषधाच्या दुकानदारानं सुचवलं होतं, कुणाला दुसऱ्या पालकानं.

मी आयुष्यभर सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. दह्याची पातळ स्लाइड करून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली लॅक्टोबॅसिलसच्या कांड्या पहिल्यांदा दिसल्या की मुलांचे चेहरे कसे उजळतात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. या जिवाणूंवर माझा जीव आहे. त्यांच्या नावानं अर्धवट सांगितलेलं विज्ञान भीतीत असलेल्या मुलांना विकलं जातं, तेव्हा गप्प बसणं मला जमत नाही.

तुमचं काम मी कमी लेखत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ, आणि सीमेपलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्यातूनही मुलं तुमच्या भरवशावर इथे येतात. ज्या गावात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्राचा शिक्षक वर्षभर मिळत नाही, तिथल्या मुलीला तुम्ही तो विषय शिकवता. तिच्या घरातली ती पहिली डॉक्टर होते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याबद्दल मनापासून आदर आहे. म्हणूनच हे पत्र सरकारला किंवा औषध कंपन्यांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे. या मुलांचा दिवस किती वाजता सुरू होतो, ती कधी जेवतात, कधी झोपतात, हे आज त्यांच्या आईवडिलांपेक्षा तुम्ही जास्त ठरवता.

या वयाच्या मुलांशी बोललं की पोटाचा विषय निघतोच. "मॅडम, रविवारची टेस्ट आली का शनिवारपासूनच पोट दुखून राहते." कुणाला गॅस, कुणाला जळजळ, कुणाला चार-चार दिवस पोट साफ होत नाही, तर कुणाला पेपरच्या सकाळी तीनदा जावं लागतं. मोठी माणसं दोन उत्तरं देतात: मेसचं खाणं खराब आहे, किंवा पोरगं बहाणे करतंय. मेसच्या खाण्यावर पुढे येते. बहाण्याची गोष्ट मात्र आधी निकालात काढायला हवी.

भीती वाटली की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप देतो, पिट्युटरी मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना देते, आणि त्या रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. ही साखळी ज्या संप्रेरकापासून सुरू होते, ते सीआरएफ, पोटावरही परिणाम करतं. त्यानं जठर रिकामं होणं मंदावतं आणि मोठं आतडं घाईला येतं. त्यामुळे पेपरच्या सकाळी एकाच मुलाला घास गिळवत नाही आणि त्याच वेळी संडासलाही धावावं लागतं. अमेरिकेतले शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १८९० च्या दशकाच्या अखेरीस, क्ष-किरण नुकतेच सापडले असताना, मांजरांची जठरं पडद्यावर पाहिली. मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. मांजराला कोणता बहाणा करायचा होता?

परीक्षेचा ताण पोटापुरताच राहत नाही. १९९८ साली ओहायोच्या संशोधकांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर दोनदा अगदी लहानशी जखम केली, एकदा उन्हाळी सुट्टीत आणि एकदा मोठ्या परीक्षेच्या तीन दिवस आधी. माणसं तीच आणि जखमही तेवढीच होती. परीक्षेच्या वेळची जखम भरायला सरासरी ४० टक्के जास्त वेळ लागला. विद्यार्थी फक्त अकरा होते, तरी अकराही जणांच्या बाबतीत तेच घडलं. २००८ साली मेलबर्नच्या संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या विष्ठेतले लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू सत्राच्या सुरुवातीला आणि परीक्षेच्या आठवड्यात मोजले. परीक्षेच्या आठवड्यात ते घटलेले आढळले.

हे जिवाणू ताणात कमी होत असतील तर ते बाहेरून द्यावेत, असं कुणालाही वाटेल. तुमच्या काउंटरवरची पुडी याच विचारातून आली आहे. हा विचार मूर्खपणाचा नाही, त्यावर चांगल्या लोकांनी काम केलं आहे. ते काम काय सांगतं, ते मात्र पुरतं ऐकून घ्या.

२००४ साली जपानच्या क्युशू विद्यापीठात नोबुयुकी सुदो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापासून एकही जिवाणू पोटात नसलेले उंदीर अडकवून ठेवले. त्यांच्या शरीरानं तेवढ्याच ताणाला नेहमीच्या उंदरांपेक्षा कितीतरी मोठी संप्रेरकांची प्रतिक्रिया दिली. बायफिडोबॅक्टेरियमची एक जात त्यांच्या पोटात वसवल्यावर ती प्रतिक्रिया नेहमीच्या उंदरांसारखी झाली. २०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या गटानं लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससचा जेबी-१ नावाचा वाण उंदरांना दिला. उंदीर कमी घाबरले, त्यांचं ताणाचं संप्रेरक कमी वाढलं. पोटापासून मेंदूकडे जाणारी व्हेगस चेता कापली की मात्र हा परिणाम नाहीसा झाला. जगभर गाजलेला हाच प्रयोग आज जाहिरातींच्या पाठीशी उभा असतो. त्याच गटानं २०१७ साली तोच वाण निरोगी पुरुषांना दिला, त्याचे निष्कर्ष मात्र जाहिरातींत सापडत नाहीत. ताण, चिंता, संप्रेरकं, स्मरणशक्ती, कशातच तो खोट्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही. संशोधकांनी हे स्वतःहून, स्वच्छ शब्दांत छापलं. विज्ञानाचा हा प्रामाणिकपणा तुमच्या फलकांवरही दिसावा, ही माझी अपेक्षा.

विद्यार्थ्यांवर थेट झालेलं काम याहून थोडं आशादायक आहे. जपानमधल्या तोकुशिमा विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना राष्ट्रीय पातळीवरच्या परीक्षेआधी आठ आठवडे लॅक्टोबॅसिलसच्या शिरोता वाणाचं आंबवलेलं दूध देण्यात आलं, दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं जिवाणू नसलेलं पेय. २०१६ साली निष्कर्ष आले: जिवाणूवाल्या गटात पोटाच्या तक्रारी कमी होत्या आणि लाळेतलं कॉर्टिसॉल परीक्षा जवळ आल्यावर तितकं चढलं नाही. पण विद्यार्थी पन्नासच्याही आत होते आणि अभ्यासात पेय बनवणाऱ्या कंपनीचे संशोधक होते. त्याआधी फ्लोरिडा विद्यापीठानं परीक्षेच्या काळात पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांवर वेगवेगळे वाण तपासले. बायफिडोबॅक्टेरियमच्या एका वाणानं सर्दी-पडशाशिवाय गेलेले दिवस थोडे वाढले, बाकीच्या वाणांनी तेही साधलं नाही.

थोडक्यात, एखाद्या ठरावीक वाणाच्या नियमित वापरानं, परीक्षेच्या महिन्यांत पोट थोडं बरं राहू शकतं. यातल्या एकाही प्रयोगात कुणाचे गुण वाढल्याचं दिसलेलं नाही. चिंतेच्या आजारात बुडालेल्या सतरा वर्षांच्या मुलाला पुडी वर काढेल, असंही कुणी दाखवलेलं नाही. पालकांना पाठवलेल्या त्या निरोपात यातलं काहीच नव्हतं. ही माझी पहिली तक्रार.

पुडीबद्दल आणखी थोडं, कारण पालकांनाही हे माहीत असायला हवं. जिवाणूच्या नावाचे तीन भाग असतात: प्रजाती, जाती आणि शेवटी वाणाची अक्षरं-आकडे. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस एवढ्यावर थांबलेलं लेबल अपुरं असतं, कारण एका वाणाचा गुण दुसऱ्या वाणाला लागू होत नाही. नेमकेपणानं किती साधतं याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक नवजात बाळांवर झालेल्या प्रयोगात निम्म्या बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा निवडून काढलेला एक वाण, त्याला पोसणाऱ्या शर्करेसह, आयुष्याच्या सुरुवातीच्या दिवसांत देण्यात आला. त्या बाळांमध्ये रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्या वाणाच्या निवडीमागे कित्येक वर्षांचं काम होतं. तुमच्या काउंटरवरची पुडी कुणी, कशावरून निवडली?

लेबलवर जिवंत जिवाणूंची संख्याही हवी. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे प्रोबायोटिक अन्नात दिवसाच्या मात्रेमागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावे लागतात. प्रश्न 'जिवंत' या अटीचा आहे. आपल्या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कुरिअरच्या गाडीत, पत्र्याच्या गोदामात, होस्टेलच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तापमान किती होत असेल? लॅक्टोबॅसिलस आणि बायफिडोबॅक्टेरियम कोरड्या पुडीतही उष्णतेनं आणि दमटपणानं मरत जातात. आंबवलेल्या दुधाच्या बाटल्या तर फ्रिजमध्येच ठेवायच्या असतात. बॅसिलस गटातले बीजाणू करणारे जिवाणू उष्णता सहन करतात, पण त्यांच्यावरचं काम वेगळं आणि त्यांचे उपयोगही वेगळे. उन्हाळ्यात उघड्या काउंटरवर ठेवलेल्या पुडीतले किती जिवाणू जिवंत उरलेत, हे तुम्हाला सांगता येत नसेल तर ती विकू नका. आणि ज्या मुलाची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारानं किंवा औषधानं कमी झाली आहे, त्याला डॉक्टरांना न विचारता जिवंत जिवाणू देणं धोक्याचं ठरू शकतं. काउंटरवरचा माणूस हे विचारतो का?

आता त्या गोष्टींकडे येते, ज्यांच्यासाठी कोणत्याही पुडीची गरज नाही आणि ज्या पूर्ण तुमच्या हातात आहेत.

संडास. शिकल्या-सवरल्या लोकांच्या पत्रात हा शब्द यावा याचा मला संकोच वाटत नाही, तुम्हालाही वाटू नये. दोनशे मुलं एका मजल्यावर बसतात आणि त्यांच्यासाठी दोन संडास असतात, त्यातल्या एकाची कडी तुटलेली, असं मुली सांगतात तेव्हा मला लाज वाटते. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागेल. नागपूरच्या उन्हाळ्यात न पिता राहणं म्हणजे डोकेदुखी, लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ. ज्या मुलाचं आतडं ताणात घाईला येतं, त्याला तीन तासांच्या टेस्टमध्ये बाहेर जाऊ देत नाहीत, कारण "नीटमध्येही सोडणार नाहीत, आत्ताच सवय लाव". आतड्याला अशी सवय लागत नसते. उलट बाहेर जाता येणार नाही या धास्तीनंच ते जास्त बिघडतं. एका मुलानं मला सांगितलं की तो टेस्टच्या आदल्या रात्रीपासून काही खातच नाही. रिकाम्या पोटी, धास्तावलेल्या डोक्यानं तो सेंद्रिय रसायनशास्त्र सोडवतो आणि गुण कमी पडले की त्याला सांगितलं जातं, मेहनत कमी पडते. सरावाच्या टेस्टमध्ये मुलाला पाच मिनिटं बाहेर जाऊ दिल्यानं तुमचं काय बिघडेल? प्रत्येक मजल्यावर पुरेसे, स्वच्छ, कडी लागणारे संडास, मुलींच्या संडासात झाकणाची बादली आणि गार पाण्याची सोय. माझी सगळ्यात पहिली मागणी हीच आहे, आणि बाकी काहीच मान्य झालं नाही तरी ही व्हावी.

जेवण. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी शंका-निरसन, आणि शेवटची बॅच सुटते तोवर मेस बंद झालेली किंवा डबा गार पडलेला. मग टपरीवरचा समोसा, रात्री मॅगी, जागायला चहा आणि कॅफिनचं डबाबंद पेय. मधल्या वेळी तर्री पोहे. पोह्यांशी माझं वैर नाही, पण रोज रिकाम्या पोटी तिखट तर्री हे जेवण नव्हे. मुलं चुकीचं खातात असा ठपका ठेवण्याआधी, योग्य खायला त्यांच्याकडे किती मिनिटं उरतात ते तुमच्याच वेळापत्रकात मोजून पाहा. दुपारी आणि रात्री, ठरलेल्या वेळी, पाऊण-पाऊण तास मोकळा ठेवा. ज्यांची स्वतःची होस्टेलं आहेत त्यांनी मेसमध्ये रोज वाटीभर दही किंवा पेलाभर ताक, एक कडधान्य, एक पालेभाजी आणि आठवड्यातून काही दिवस ज्वारीची भाकरी ठेवावी. महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला आपल्या घरांत ज्वारीची आंबील होते. ती उन्हाळ्यात मेसमध्ये का होऊ नये?

दह्याबद्दल खरं तेच सांगते. घरच्या विरजणात कोणता वाण आहे, किती आहे, हे ठाऊक नसतं, म्हणून शास्त्राच्या काटेकोर व्याख्येत ते प्रोबायोटिक ठरत नाही. पण ते अन्न आहे, त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम आहे, आणि पुडीपेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे. २०२१ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी निरोगी प्रौढांना दहा आठवडे दही आणि इतर आंबवलेले पदार्थ भरपूर खायला दिले. त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातल्या दाह दाखवणाऱ्या अनेक खुणा कमी झाल्या. अभ्यास छोटाच होता. आणि आतड्यातल्या जिवाणूंना रोज खायला तंतू लागतात. डाळ, भाजी, भाकरीतून ते मिळाले नाहीत तर वरून टाकलेले पाहुणे जिवाणू काही दिवसांत निघून जातात. बीज टाकायचं आणि रान कोरडं ठेवायचं, असा तो प्रकार.

झोप आणि निकालाची यादी. या दोन्हींना मी एकत्र घेते, कारण तुमच्याकडे त्या एकत्रच येतात. टेस्टचा निकाल रात्री दहा-अकराला ग्रुपवर पडतो, नावांसकट, क्रमांकासकट. पालकांच्या ग्रुपवरही पडतो. त्यानंतर गावाहून फोन येतो. मग ते मूल कधी झोपणार? कॉर्टिसॉल शरीराचा शत्रू नाही. सकाळी जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला जातं, त्याच्याच जोरावर आपण अंथरुणातून उठतो. मध्यरात्रीच्या सुमारास ते सर्वात खाली असायला हवं. रोज रात्री भीतीनं ते वर ढकललं तर कोणताही जिवाणू ते खाली ओढू शकणार नाही. या वयात मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि त्यांचं शरीर स्वभावतःच उशिरा झोपी जातं. अशा मुलाला सकाळी सहाच्या बॅचला बोलावणं आणि रात्री अकराला यादी पाठवणं हा त्याच्या शरीरावरचा अन्याय आहे.

हे फक्त माझं म्हणणं नाही. केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, फार पहाटे किंवा फार रात्री नको, आठवड्याची सुट्टी द्यावी आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट ठेवू नये, क्लासच्या चाचणीचे निकाल जाहीर करू नयेत, असं त्यात आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, गुणांवरून बॅचेस वेगळ्या करू नयेत, सर्वांसमोर अपमान करू नये, असं न्यायालय म्हणालं. तुमच्यातल्या किती जणांनी हे वाचलं आणि अंमलात आणलं, हे तुम्हीच पालकांना सांगा. दर पंधरवड्याला एका बॅचमधून उचलून खालच्या बॅचमध्ये बसवलेली मुलं मी पाहिली आहेत. ती दोन-दोन दिवस नीट जेवत नाहीत.

एक शब्द डॉक्टरांबद्दलही, कारण तुमच्यापैकी अनेकांचे 'आमचे डॉक्टर' ठरलेले असतात. टेस्ट बुडू नये म्हणून पोट बिघडताच अँटिबायोटिक सुरू करायचं आणि सोबत प्रोबायोटिकची गोळी द्यायची, ही सवय सगळीकडे पसरली आहे. साध्या जुलाबांना बहुतेक वेळा मीठ-साखरेचं पाणी पुरतं. अँटिबायोटिक आतड्यातल्या वस्तीचं नुकसान करतं, आणि ते भरून काढायला प्रोबायोटिक दरवेळी मदत करतंच असं नाही. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेत अँटिबायोटिकनंतर ज्यांना अनेक वाणांचं प्रोबायोटिक दिलं, त्यांच्या मूळ जिवाणूंची वस्ती परत यायला, काहीही न दिलेल्या लोकांपेक्षा जास्त वेळ लागला. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विनंती करा: या वयाचं मूल पोटाची तक्रार घेऊन आलं की औषध लिहिण्याआधी ते कधी झोपतं, कधी जेवतं, टेस्ट कधी आहे, हे विचारा. आणि वजन उतरत असेल, विष्ठेतून रक्त जात असेल, ताप असेल, पोटदुखीनं रात्री जाग येत असेल, तर ते ताणाचं म्हणून सोडून देऊ नका. मेडिकल, मेयो, एम्स यांपैकी ज्या रुग्णालयात जमेल तिथे त्या मुलाची नीट तपासणी करून घ्या.

नीटचा पेपर मे महिन्याच्या सुरुवातीला, दुपारी दोनला असतो. २०२५ मध्ये तो ४ मे रोजी होता. देशभरात २२ लाखांहून अधिक मुलं बसली, एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास. नागपुरात दुपारी बाराच्या उन्हात केंद्राबाहेर रांगेत उभं राहणारं मूल आधीच अर्धं थकलेलं असतं. त्या दिवसासाठी तुम्ही शेवटच्या आठवड्यात नवे पेपर सोडवून घेण्याऐवजी मुलांच्या झोपेची आणि जेवणाची वेळ बसवून द्या. त्या सकाळी काय खायचं, हे महिनाभर आधीपासून खाऊन पाहू द्या. वरण-भात, दही-भात, ज्याला जे पचतं ते. पन्हं, ताक, पाणी. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच नवी पुडी फोडायला कुणी सांगू नये.

मी प्रोबायोटिकच्या विरोधात नाही, हे पुन्हा लिहिते. एखाद्या मुलाला आतड्याच्या जुन्या तक्रारी असतील, डॉक्टरांनी नेमका वाण, मात्रा आणि मुदत लिहून दिली असेल, तर त्यानं ते जरूर घ्यावं. माझं म्हणणं क्लासच्या काउंटरबद्दल आहे. जो शिक्षक आहे त्यानं मुलांच्या भीतीवर औषध विकू नये, आणि विकताना 'एकाग्रता वाढते' असं तर मुळीच लिहू नये. त्या पुड्या काउंटरवरून काढा आणि पालकांना पाठवलेले तसले निरोप मागे घेतल्याचं त्यांना कळवा. रिकाम्या झालेल्या जागी १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावा. दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. संडासच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा, कारण एकट्यानं आणि कुणी बघत नसताना मूल तो तिथेच वाचेल.

जूनमध्ये नव्या बॅचेस सुरू होतील. त्यांची वेळापत्रकं छापायला टाकण्याआधी हे पत्र तुमच्या व्यवस्थापकांना वाचून दाखवावं, ही विनंती. जेवणाच्या दोन वेळा, सुट्टीचा दिवस आणि निकाल कळवण्याची पद्धत त्या वेळापत्रकातच लिहिलेली असली तर पालकांना प्रवेश घेण्याआधी ती पाहता येईल. लेबल कसं वाचायचं आणि पोट ताणात असं का वागतं, हे मुलांना समजावून सांगायला मी कोणत्याही क्लासमध्ये विनामूल्य यायला तयार आहे. दह्याची स्लाइड आणि सूक्ष्मदर्शक मी सोबत आणीन. दिवस आणि वेळ तुम्ही कळवा. फक्त ती वेळ मुलांच्या जेवणाची नसावी.

कळावे.

आपली नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
धरमपेठ, नागपूर